हवेतलं हळकुंड चिमटीत का राहत नाही

व्हीआरचा, म्हणजे कॉम्प्युटरनं उभं केलेलं खोटं जग डोळ्यांसमोर दाखवणारा, हेडसेट डोक्यावर चढवला की माणूस पहिल्यांदा काय करतो, तर समोर जे दिसेल ते उचलायला हात पुढं करतो. बटणं, मेन्यू वगैरे सगळं नंतर. आणि नेमकं तेच, एखादी साधी वस्तू दोन बोटांत धरून उचलणं, ह्या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात अवघड काम आहे. सांगलीचा आयर्विन पूल, खालून वाहणारी कृष्णा, वरनं पाऊस, हे दाखवणं त्यामानानं सोपं कारण ते नुसतं दिसायचं असतं, उचलायचं म्हटलं की सगळा हिशोब बदलतो.

हे लिहायला कारण झालं आमच्या पुतण्याचं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी सांगलीच्या मार्केट यार्डात आडत, त्यामुळं प्रोजेक्टला विषय शोधत लांब जायची गरजच नव्हती, व्हीआरमधे हळद पारखायला शिकवायचं असं त्यानं ठरवलं. टेबलावर राजापुरी हळकुंडांचा ढीग, त्यातलं एकेक उचलायचं, फिरवून बघायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा. ऐकायला झकास. मग दादानं, म्हणजे त्याच्या वडलांनी, हेडसेट घातला, चिमटीत हळकुंड धरलं आणि ते टुणकन उडून भिंतीपलीकडं गेलं. दुसरं धरलं, ते बोटांतनं आरपार. "आरं, आख्खा जन्म हळदीत गेला माझा, आन ह्ये एक हळकुंड हातात ऱ्हाईना व्हय!" पुतण्या म्हणाला, पप्पा अजून फिजिक्स नीट लागलं नाही. ते फिजिक्स नीट लागणं म्हणजे काय, एवढंच आज सांगतो.

आधी हात दिसतो कसा ते पटकन उरकू. हेडसेटवरचे कॅमेरे तुमचा हात बघतात आणि सॉफ्टवेअर अंदाज बांधतं की कुठला सांधा कुठं आहे. माणसाच्या एका हातात २७ हाडं असतात, ओपनएक्सआर नावाचं जे स्टँडर्ड आहे त्यात एका हाताचे २६ बिंदू धरतात. लीप मोशन नावाची छोटी डबी २०१३ मधे बाजारात आली तेव्हा हे लोकांना नवल वाटायचं, २०१९ च्या शेवटाला ऑक्युलस क्वेस्ट नावाच्या हेडसेटमधे नुसत्या हातानं चालवायची सोय आली आणि आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. हे ट्रॅकिंग, म्हणजे हाताचा माग काढणं, चुकतं, एक बोट दुसऱ्यामागं लपलं की गोंधळतं, पण तो भाग बऱ्यापैकी सुटलेला आहे असं मी म्हणेन.

खरी गोची पुढं आहे. तुमचा हात थांबवणारं तिथं काहीच नाही. खऱ्या टेबलावर हात आपटला तर टेबल हाताला थांबवतं, व्हीआरमधल्या टेबलातनं तुमचा हात सरळ खाली जाणार कारण तुमच्या खोलीत तिथं नुसती हवा आहे. कॉम्प्युटर तुमच्या हाताला "थांब" म्हणू शकत नाही, तो फक्त बघू शकतो. आणि फिजिक्स इंजिनचा, म्हणजे वस्तू कशा पडतात, आपटतात, घसरतात याचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, तर नियमच आहे की दोन घन वस्तू एकमेकात घुसता कामा नयेत. म्हणजे एकीकडं न थांबणारा हात आणि दुसरीकडं न घुसू देणारं गणित, आणि दोघांच्या मधे बिचारं हळकुंड. दादाच्या हातातलं उडालं ते म्हणूनच. बोट एका क्षणात हळकुंडाच्या आत पोचलं, इंजिननं बघितलं की हे बेकायदेशीर आहे, बोट तर हलवता येत नाही, मग हळकुंडालाच एका झटक्यात बाहेर काढलं, आणि झटक्यात काढणं म्हणजेच प्रचंड वेग देणं.

यावरचा उपाय फार सुंदर आहे आणि मला विचाराल तर ह्या सगळ्या विषयाचा गाभाच तो आहे. हात एक ठेवायचाच नाही, दोन ठेवायचे. एक तुमचा खरा हात, कॅमेऱ्यानं टिपलेला, तो कुठंही जाऊ दे, कशातही घुसू दे, तो दाखवायचाच नाही. दुसरा फिजिक्सचा हात, त्याला वजन आहे, तो टेबलाला अडतो, हळकुंडाला अडतो, आणि स्क्रीनवर दिसतो तो हा. ह्या दोघांना बांधून ठेवायला मधे स्प्रिंग. म्हणजे खरीखुरी नाही, गणितातली: दोन हातांत जेवढं अंतर तेवढ्या जोरानं दुसऱ्याला पहिल्याकडं ओढायचं. नुसती स्प्रिंग ठेवली तर बोटं थरथरत झुलत बसतात म्हणून सोबत डॅम्पर, जो वेगाला विरोध करतो. मुळात ही कल्पना आली हॅप्टिक्सवाल्यांकडून, म्हणजे यंत्रातनं स्पर्श जाणवून देण्याचं काम करणाऱ्यांकडून, १९९५ मधे झिलेस आणि सॅलिसबरी यांनी एका बिंदूसाठी अशी जोडी वापरली होती, खरा बिंदू भिंतीत घुसला तरी त्याचा जोडीदार भिंतीच्या पृष्ठभागावरच थांबतो. २००५ मधे बोर्स्ट आणि इंदुगुला यांनी तीच गोष्ट आख्ख्या हाताला लावली, प्रत्येक बोटाला, सांध्यांना अशा स्प्रिंगा.

तुम्ही म्हणाल, मग माझा हात एकीकडं आणि दिसतोय दुसरीकडं, हे कळणार नाही का? थोडं अंतर असेल तर कळत नाही, आणि ह्याचा लोकांनी नीट प्रयोग करून अभ्यास केलाय, २००५ मधलाच, नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीतला. हात वस्तूत घुसलेला दिसला की माणसाच्या लगेच लक्षात येतं, पण दिसणारा हात आणि खरा हात यांच्यात फरक पडलाय हे बऱ्याच उशिरा लक्षात येतं. डोळे हाताला गप्प बसवतात. हे असं नसतं तर सगळा डावच फसला असता.

आता धडक कशी ओळखायची. बोटाचं प्रत्येक पेर म्हणजे एक कॅप्सूल, दोन्ही टोकं गोल असलेली नळी, कारण कॅप्सूलचं गणित स्वस्त पडतं. वस्तूच्या बाजूनं मात्र एक अट असते, आकार बहिर्वक्र पाहिजे, कुठं आत खळगा नको, कारण दोन आकार एकमेकांना भिडलेत का हे शोधायची १९८८ पासून वापरात असलेली जीजेके पद्धत आणि तिचे भाऊबंद अशा आकारांवरच झपाट्यानं चालतात. हळकुंड कसलं बहिर्वक्र, वाकडं, त्याला फाटे फुटलेले. मग त्याचे चार पाच तुकडे कल्पायचे आणि ते एकत्र चिकटवून एक हळकुंड मानायचं. दिसायला वेगळं मॉडेल, आतनं धडकेसाठी वेगळं. बहुतेक गेममधे असंच असतं, दिसतं ते अडत नाही आणि अडतं ते दिसत नाही.

आणि आरपार जाण्याचं कारण तर अगदी चौथीतलं गणित आहे. गेम बनवायचं युनिटी नावाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर फिजिक्सचा हिशोब काहीही न बदलता ०.०२ सेकंदांनी एकदा होतो, सेकंदाला ५० वेळा. हात सेकंदाला २ मीटर वेगानं आला, जो काही फार वेग नाही, तर दोन हिशोबांच्या मधे तो ४ सेंटिमीटर सरकला. हळकुंडाची जाडी दीड दोन सेंटिमीटर. पहिल्या हिशोबाला बोट अलीकडं, दुसऱ्याला पलीकडं, मधे काय झालं ते कॉम्प्युटरनं बघितलंच नाही, त्यामुळं त्याच्या लेखी धडक झालीच नाही. उपाय दोन, एक तर हिशोब जास्त वेळा करा, नाहीतर सलग धडक तपासणी चालू करा म्हणजे इंजिन बोटाचा मधला सगळा रस्ताही तपासतं. दोन्हीला प्रोसेसर घाम गाळतो आणि हेडसेटमधला प्रोसेसर म्हणजे शेवटी मोबाईलचाच, त्यालाच वर सेकंदाला ७२ नाहीतर ९० चित्रंही काढायची असतात, दोन डोळ्यांना वेगवेगळी.

बरं, बोट अडलं, हळकुंड उडालं नाही. उचलायचं कसं? इथं खरी मजा.

उचलणं म्हणजे घर्षण, बाकी काही नाही. १६९९ मधे आमाँताँ आणि पुढं १७८५ मधे कूलाँ या दोन फ्रेंच माणसांनी जो नियम नीट मांडला तोच आजपण प्रत्येक इंजिनमधे आहे: दाबाच्या ठराविक पटीपर्यंतच घर्षण साथ देतं, त्याच्या पुढं वस्तू घसरते. ती पट समजा ०.५ धरली. १ किलोचं पातेलं दोन बाजूंनी धरलंय, वजन झालं ९.८ न्यूटन, दोन्ही बाजू मिळून वर धरायचं तर प्रत्येक बाजूनं ९.८ न्यूटन दाबायला पाहिजे, म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण एकेक किलोचा भार आतल्या बाजूला. १० ग्रॅमच्या हळकुंडाला त्याचा शंभरावा भाग पुरतो. सोपं आहे की! मग हळकुंडच का निसटतं?

कारण हा दाब आणायचा कुठनं. खऱ्या जगात तुम्ही स्नायूंनी दाबता. व्हीआरमधे तुम्ही हवा चिमटीत धरताय, स्नायूंचा जोर कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतं एवढंच की खरं बोट वस्तूच्या आत किती घुसलंय. जेवढं घुसलं तेवढी स्प्रिंग ताणली, तेवढाच दाब. आता बघा, स्प्रिंगची ताकद समजा मीटरला २०० न्यूटन. ८ सेंटिमीटर जाडीचा डबा धरला आणि बोटं पार मिटली तर प्रत्येक बोट ४ सेंटिमीटर आत, दाब ८ न्यूटन, मस्त. १ सेंटिमीटर जाडीचं हळकुंड धरलं तर बोट अर्धा सेंटिमीटर आत गेलं की समोरनं अंगठा येऊन भिडला, आता आणखी किती का जोर लावा, बोट पुढं जायला जागाच नाही. दाब १ न्यूटन, संपलं, स्थिर धरायला पुरेल पण राखीव फारसं काही नाही. कागद धरायचा म्हटला तर दाब जवळजवळ शून्य. खऱ्या आयुष्यात बारीक वस्तू धरणं सोपं आणि डबा धरणं कठीण, इथं बरोब्बर उलटं. त्यात ट्रॅकिंग दोन चार मिलिमीटर इकडं तिकडं झालं की डब्याला फरक पडत नाही, पण हळकुंडाची निम्मी पकड गेली. म्हणून बारीक वस्तूंना स्प्रिंग कडक करायचा मोह होतो, आणि तिथं दुसरी कटकट सुरू होते, कडक स्प्रिंग आणि हलकं पेर अशी जोडी जमली आणि हिशोब ५० वेळाच होत असला तर एका हिशोबात पेर जागेच्या पलीकडं फेकलं जातं, पुढच्या हिशोबात आणखी जोरात उलट्या बाजूला, असं वाढत वाढत जाऊन हाताचा पार चक्काचूर होतो. बघायला भारी, पण परीक्षकासमोर नको.

दुसरी भानगड कोनाची. पट ०.५ असेल तर जोर पृष्ठभागाच्या काटकोनापासून साधारण २६ ते २७ अंश तिरका झाला तरी चालतो, त्याच्या पुढं घसरण. प्रत्येक बोटाखाली असा एक अदृश्य शंकू असतो आणि दोन बोटांना जोडणारी रेषा दोन्ही शंकूंच्या आत पडली तरच चिमूट टिकते. हळकुंडाच्या निमुळत्या टोकाला धरलं की रेषा शंकूबाहेर, आणि जितकं दाबाल तितकं ते पुढं सटकणार. हे मात्र खऱ्या जगातही होतं, फक्त तिथं आपण नकळत बोटांची जागा बदलतो. १९८४ मधे स्वीडनमधे वेस्टलिंग आणि योहान्सन यांनी मोजून दाखवलं की माणूस वस्तू निसटू नये एवढाच दाब आणि वर थोडा जास्तीचा ठेवतो, आणि वस्तू जराशी घसरली तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड आपोआप आवळली जाते. बोटाच्या कातडीला घसरणं जाणवतं म्हणून. व्हीआरमधे कातडीला काहीच जाणवत नाही, त्यामुळं माणूस एकतर जास्तच आवळतो नाहीतर डोळे फाडून वस्तूकडं बघत बसतो.

तिसरी गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही. गणितात बोट आणि वस्तू एका बिंदूत टेकतात. दोन बोटं म्हणजे दोन बिंदू, आणि दोन बिंदूंत धरलेली वस्तू त्यांना जोडणाऱ्या रेषेभोवती मोकळी फिरते. हळकुंड एका टोकाला धरून आडवं उचला, दुसरं टोक लगेच खाली लोंबणार. आपलं बोट असं वागत नाही कारण बोटाचा गर मऊ असतो, तो चपटा होऊन पसरतो, आणि तो पसरलेला चकता पीळही अडवतो. मग बोटाखाली एका बिंदूऐवजी चार पाच बिंदू धरा, किंवा पिळाचं घर्षण वेगळं लिहा, मुजोको नावाच्या इंजिनमधे त्याला वेगळा आकडाच देता येतो. पुतण्याचं अर्धं दुखणं एवढ्यानं बरं झालं.

उरलं अर्धं ढिगाचं. एका वस्तूला दोन बोटांनी दाबलं की दोन्हीकडचे जोर एकमेकांवर अवलंबून, आणि ढिगात तर प्रत्येक हळकुंड दहा जणांना टेकलेलं. हे सगळे जोर एकदम अचूक काढायला वेळ नसतो म्हणून इंजिन एकेक टेकण घेऊन दुरुस्त करत जातं. मिरजेला सतारमेकरांकडं तारा लावताना बघितलं असेल तर कळेल, एक तार सुरात आणली की तिच्या ताणानं दुसरी किंचित उतरते, मग तिच्याकडं वळायचं, परत पहिलीकडं, अशा फेऱ्या मारत सगळ्या जुळतात. इंजिनला फेऱ्या मोजून मिळतात, दहा वीस झाल्या की थांबा, चित्र काढायची वेळ झाली. जुळलं नाही तेवढं थरथर म्हणून दिसतं. आणि हलक्या वस्तूवर जड वस्तू असली की फेऱ्या जास्त लागतात, बोटाचं पेर काही ग्रॅमचं आणि पातेलं किलोचं, म्हणून लोक गुपचूप पेरांचं वजन वाढवून ठेवतात. ढिगातली न हलणारी हळकुंडं झोपवून ठेवायची, हिशोबातनं बाहेर, हात जवळ आला की उठवायची. पण समजा कुणी म्हणालं की मूठभर भडंग उचलून दाखव, तर हात जोडावे. शेकडो दाणे, सगळे मुठीत कोंडलेले, प्रत्येकाला चारी बाजूंनी टेकण, शिवाय शेंगदाणे आणि लसूण वेगळ्या वजनाचे! हेडसेटवर हे आज तरी करू नये.

ह्या एवढ्या उपद्व्यापामुळंच बहुतेक ठिकाणी चक्क फसवतात. चिमूट झाली एवढं ओळखायचं, वस्तूचं फिजिक्स बंद करून ती हाताला चिकटवून टाकायची, बोटांची ठेवण आधीच ठरवून ठेवलेली. चिमूट सुटली की फिजिक्स चालू. मला यात काही पाप वाटत नाही. गेममधे कपाटाचं दार उघडायचंय, किल्ली उचलायचीय, तिथं घर्षणाचा शंकू काढत बसणं म्हणजे वेळ घालवणं. २०१९ च्या बोनवर्क्ससारख्या गेमनं हात, शरीर सगळं फिजिक्सवर सोडलं, तेही नुसत्या हातानं नाही तर बटणांचा कंट्रोलर हातात देऊन, आणि खेळणाऱ्यांना त्याची सवय करून घ्यावी लागली. पण जिथं शिकवायचंच बोटांना आहे, टाके घालणं असो नाहीतर हळद पारखणं, तिथं चिकटवलेली वस्तू काही शिकवत नाही, वाईट पकडीलाही ती हातात राहते. मधला रस्ता असा की पकड ओळखल्यावर वस्तू पक्की न चिकटवता तुटू शकेल अशा सांध्यानं जोडायची, ओढ मर्यादेबाहेर गेली की सुटली. पुतण्यानं शेवटी हाच धरला आणि बरोबर केलं असं मला वाटतं.

स्प्रिंगचा एक फायदा मात्र फुकटात मिळतो, वजनाचा भास. १ किलोचं पातेलं उचललं तर २०० न्यूटनच्या स्प्रिंगेला फिजिक्सचा हात खऱ्या हातापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली राहतो. तुम्ही हात वर नेताय, दिसणारा हात मागं रेंगाळतोय, आणि मेंदू आपणहून म्हणतो जड आहे बरं का. लेक्युए आणि मंडळींनी २००० मधे दाखवलं की डोळ्यांना असं फसवून विरोधाचा भास देता येतो, कुठलंही महागडं यंत्र न लावता. यंत्रं आहेत, बोटांना मागं ओढणारे ग्लोव्ह आहेत, पण त्यांना सेकंदाला १००० वेळा हिशोब द्यावा लागतो नाहीतर कडक भिंतसुद्धा थरथरती लागते, आणि किमती बघून कॉलेजं तो नाद सोडतात.

हेच गणित रोबोटवाले उलट्या बाजूनं वापरतात. ओपनएआयनं २०१८ मधे शॅडो कंपनीच्या यांत्रिक हाताला ठोकळा फिरवायला शिकवलं आणि २०१९ मधे रुबिक क्यूब, सगळा सराव सिम्युलेशनमधे, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या खोट्या जगात. गंमत म्हणजे त्यांनी घर्षण अचूक मोजायचा हट्टच सोडला, प्रत्येक सरावाला घर्षण, वजन, आकार मुद्दाम थोडे थोडे बदलत ठेवले, म्हणजे खऱ्या हातात काहीही निघालं तरी चालावं.

कुणाला हात घालायचा असेल तर हेडसेटपासून सुरू करू नका. मुजोको २०२१ मधे डीपमाइंडनं विकत घेऊन फुकट केलं, साध्या लॅपटॉपवर चालतं. एक ठोकळा घ्या, दोन कॅप्सूल घ्या, प्रत्येकीला एक स्प्रिंग बांधा आणि माऊसनं सरकवा. आधी दोन हिशोबांमधला वेळ कमी करा, मग डॅम्पर, मग स्प्रिंग, घर्षणाला सगळ्यात शेवटी हात लावा, कारण ठोकळा निसटला की सगळे आधी घर्षणच वाढवतात आणि बहुतेक वेळा दोष दाबाचा असतो. ठोकळा नीट उचलला गेला की त्याची जाडी निम्मी करा, परत निम्मी करा, आणि कितव्या मिलिमीटरला चिमूट सुटते ते लिहून ठेवा. तुमच्या सिम्युलेशनची खरी ताकद कळायला तेवढा एक आकडा पुरतो.